एका नगराध्यक्षाचा राजीनामा : हुआन सेगीन, सान अँटोनियो, १८४२

१८ एप्रिल १८४२ रोजी टेक्ससमधल्या सान अँटोनियोचा नगराध्यक्ष हुआन सेगीन याने राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत तो रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोत गेला. सहा वर्षांपूर्वी हाच माणूस मेक्सिकोपासून टेक्ससच्या स्वातंत्र्यासाठी सॅन हसिंटोच्या लढाईत उतरला होता. राजीनाम्याला पाच महिने होतात न होतात तोच तो मेक्सिकन फौजेबरोबर आपल्याच गावावर चालून आला.

या प्रकरणावर दोन निकाल तयारच असतात. एक म्हणतो गद्दार, दुसरा म्हणतो वंशद्वेषाचा बळी. दुसरा पहिल्यापेक्षा खूपच खरा आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. त्याच गावात, त्याच समाजातला होसे अँतोनियो नाव्हारो शेवटपर्यंत टेक्ससचा मान्यवर राहिला. सेगीनच का अडकला, हे समजायला भावना बाजूला ठेवून त्याच्या पदाची कामं, त्याच्या खिशातला पैसा आणि त्याला लिहावी लागलेली पत्रं या तीन गोष्टी एका ओळीत लावून पाहाव्या लागतात.

अल्काल्देचं काम

सेगीन १८०६ साली सान अँटोनियोत जन्मला. गावाचं तेव्हाचं नाव बेहार. बाप एरास्मो गावचा पोस्टमास्तर, पुढे अल्काल्दे, आणि १८२३-२४ च्या मेक्सिकन घटना परिषदेत टेक्ससचा प्रतिनिधी. घर राजकारणातलं होतं. हुआन १८२८ च्या डिसेंबरात नगरसभेवर निवडून आला आणि १८३४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अल्काल्दे झाला.

मराठी वाचकाने अल्काल्दे म्हणजे पाटील, मुन्सफ आणि नगराध्यक्ष एकाच अंगरख्यात, असं समजायला हरकत नाही. निवडणूक डिसेंबरात, मुदत एक जानेवारीपासून वर्षभर. सरकारी हुकूम चावडीवर वाचून दाखवणं, पाटाचं पाणी, शाळा, जनगणना, मिलिशियाची, म्हणजे गावकऱ्यांच्या राखण-फौजेची, यादी ही सगळी कामं त्याची. निवाड्याची रीत ठरलेली होती. दिवाणी भांडण आलं की वादी आणि प्रतिवादी आपापला एक भला माणूस घेऊन येत. अल्काल्दे चौघांचं ऐकून तडजोड सुचवी. ती दोघांना मान्य झाली तर वहीत नोंद होऊन प्रकरण मिटे, नाहीतर पुढे लेखी दावा. फौजदारी गुन्ह्यात प्राथमिक चौकशी अल्काल्देने करायची आणि कागद कायदेपंडिताच्या अभिप्रायासाठी दूर कोआविलात, साल्तियोला पाठवायचे. तिथून उत्तर यायला महिने लागत आणि तोवर आरोपीला कोठडीत ठेवून पोसणं गावाच्या माथी.

डिसेंबर १८३२ मध्ये बेहारच्या नगरसभेने राज्य विधिमंडळाकडे लांबलचक तक्रार-अर्ज धाडला त्यामागे हेच होतं. न्यायाधीश नाहीत, शाळा नाहीत, सैनिकांना पगार नाही, आणि १८३० च्या ६ एप्रिलच्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतवाल्यांना बंदी. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. अँग्लो, म्हणजे अमेरिकेतले इंग्रजी बोलणारे, लोक यायला हवेत ही मागणी तेहानो, म्हणजे टेक्ससमधल्या मेक्सिकन, पुढाऱ्यांचीही होती. दोन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, बाहेर कोमांची या आदिवासी टोळ्यांचे छापे, आत रिकामी तिजोरी. शेजारी माणसं आली तर व्यापार वाढेल आणि बंदुकाही वाढतील, असा साधा हिशेब होता.

१८३४ मध्ये बेहार विभागाचा राजकीय प्रमुख रामोन मुस्कीस आजारी पडला आणि वर्षाचा बराच काळ ते काम सेगीनकडे आलं. तेव्हा तिकडे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना संघराज्य मोडून सगळी सत्ता मेक्सिको सिटीत गोळा करत होता. त्या ऑक्टोबरात सेगीनने टेक्ससच्या नगरसभांना बेहारात सभेला बोलावलं, पण अँग्लो वसाहतींनी तेव्हा फारसा उत्साह दाखवला नाही. पुढे १८३५ च्या मार्चमध्ये मिलिशिया दर पाचशे लोकवस्तीमागे एका माणसावर आणण्याचा कायदा झाला. राजधानीत बसून तो कागदी सुधारणा वाटला असेल, पण कोमांची सीमेवरच्या अल्काल्देला त्याचा अर्थ चांगलाच कळला: गावाच्या राखणीला चार-पाच माणसं. मे महिन्यात साकातेकास राज्याने नकार दिला तेव्हा सांता आनाने त्याच नावाचं शहर लुटू दिलं. सेगीन तेव्हा मिलिशिया घेऊन मोंक्लोव्हाला, संघराज्यवादी गव्हर्नर अगुस्तिन व्हिएस्काच्या मदतीला गेलेला होता.

तो लढायला उतरला तो मेक्सिकोच्या १८२४ च्या संघराज्य घटनेसाठी. टेक्सस वेगळं राष्ट्र व्हावं हे १८३५ च्या शरदात बहुतेक तेहानोंच्या मनात नव्हतं, आणि बऱ्याच अँग्लोंच्याही नव्हतं. व्हिक्टोरियाचा अल्काल्दे राहिलेला प्लासिदो बेनाव्हिदेस बेहारच्या वेढ्यात टेक्ससच्या बाजूने लढला, पण स्वातंत्र्य त्याला मंजूर नव्हतं. तो बाजूला झाला, तरी घरदार गमावून लुईझियानाला गेला आणि १८३७ मध्ये तिथेच वारला. कोणतीही बाजू न घेण्याची किंमत बाजू घेण्याइतकीच होती.

६ मार्च १८३६, गावात राहिलेला अल्काल्दे

सेगीनला अँग्लो वसाहतींचा पुढारी स्टीफन ऑस्टिन याने ऑक्टोबर १८३५ मध्ये कॅप्टन केलं. त्याने ३७ जणांची तुकडी उभी केली. टेहळणी, वाटाड्याचं काम, मका आणि गुरं मिळवणं ही तिची मुख्य कामं. डिसेंबरात बेहार टेक्सनांच्या हाती पडलं. २३ फेब्रुवारीला सांता आना परत आला, तेव्हा सेगीन अलामोत, म्हणजे टेक्सनांनी धरून ठेवलेल्या तटबंद जुन्या मिशनमध्ये, होता. दोन दिवसांनी रात्री त्याला निरोप घेऊन बाहेर पाठवलं. स्पॅनिश बोलणारा आणि रस्ता ओळखणारा माणूस वेढ्यातून निसटू शकेल म्हणून. तो गोन्सालेसला पोचला. मागे राहिलेले जवळजवळ सगळे लढवय्ये मेले.

त्या दिवसांत गावाचा अल्काल्दे होता फ्रान्सिस्को अँतोनियो रुईस. त्याचा बाप होसे फ्रान्सिस्को रुईस आणि नात्यातला नाव्हारो या दोघांनी २ मार्चला टेक्ससच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. चारच दिवसांनी मुलाला सांता आनाची कामं करावी लागली. पुढे १८६० मध्ये छापलेल्या त्याच्या जबानीत क्रम दिला आहे. जखमींना मदत करायला तो काही गावकऱ्यांसह निघाला तर मेक्सिकन घोडेस्वारांनीच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग बोलावणं आलं: अलामोतले पुढारी ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट यांचे मृतदेह ओळखून दाखव. मेक्सिकन सैनिकांना कबरस्तानात पुरायचं काम त्याच्याकडे होतं. जागा पुरली नाही, तेव्हा उरलेले त्याने नदीत टाकायला लावले. टेक्सनांसाठी घोडेस्वार लाकडं आणि वाळक्या फांद्या आणायला गेले. दुपारी तीनच्या सुमाराला रचाई सुरू झाली, एक थर लाकडाचा, एक थर मृतदेहांचा, आणि पाचच्या सुमाराला आग लावली. जळालेल्यांचा त्याचा आकडा १८२. मेक्सिकन बाजूचे सोळाशे मेले हा त्याचा आकडा मात्र फुगवलेला आहे, तो कोणीही जशाचा तसा घेऊ नये.

चितेपासून वाचला तो एकच देह, ग्रेगोरियो एस्पार्झाचा. त्याचा सख्खा भाऊ मेक्सिकन बाजूला होता, त्याने दफनाची परवानगी मिळवली.

रुईसचं उदाहरण इथे मुद्दाम घेतलं. अल्काल्दे गावात राहिला की ज्याची फौज चौकात उभी, त्याचं काम करावंच लागतं: मुडदे उचलणं, धान्य पुरवणं, घरं रिकामी करून देणं. हे काम केलं म्हणजे ती बाजू घेतली, असं धरलं तर सीमेवरच्या गावात एकही निष्ठावंत अधिकारी सापडणार नाही. रुईसवर फारसा आळ आला नाही. त्याच्यावर कोणाचं कर्ज नव्हतं आणि त्याने वैर ओढवून घेतलेलं नव्हतं, हे त्याचं एक कारण दिसतं.

निष्ठेचा कागद

२१ एप्रिलला सॅन हसिंटोत टेक्ससचा सेनापती सॅम ह्यूस्टन याने सेगीनच्या विसेक माणसांना आधी छावणीच्या सामानावर ठेवायचं ठरवलं, कारण गर्दीत आपलीच माणसं त्यांना शत्रू समजून मारतील. सेगीनने हट्ट धरला. शेवटी प्रत्येकाने टोपीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचला आणि ते लढले. आपण कोण हे दाखवायला वेगळी खूण लागते, ही गोष्ट तेहानोंच्या मागे तेव्हापासून लागली. पुढे ती कायद्यातही आली.

१८३६ च्या टेक्सस संविधानात कलम घातलं गेलं की लढ्यातून अंग काढायला जो देश सोडून गेला, लढायला नाही म्हणाला किंवा शत्रूला मदत केली, त्याचं नागरिकत्व आणि जमीन दोन्ही गेली. स्वातंत्र्याच्या दिवशी टेक्ससात असलेल्या कुटुंबप्रमुखाला एक लीग आणि एक लाबोर, म्हणजे ४,४२८ अधिक १७७ एकर जमिनीचा हक्क होता. पण तो मिळवायला जमीन मंडळासमोर दोन विश्वासू साक्षीदार उभे करून सांगावं लागे की हा इथेच होता, पळाला नाही, शत्रूला मिळाला नाही. मेक्सिकन फौज बेहारात दोन महिन्यांहून जास्त होती आणि गावातल्या प्रत्येकाने तिला काही ना काही विकलं किंवा द्यावं लागलं होतं. त्यामुळे हा प्रश्न कोणालाही विचारता येत होता. कायदे इंग्रजीत, मंडळ इंग्रजीत. कागद पक्का होण्याची वाट बघण्यापेक्षा अनेकांनी आपला हक्क मिळेल त्या भावाला विकून टाकला. १८३७ ते १८४२ या काळात १३ अमेरिकन खरेदीदारांनी ३५८ मेक्सिकन मालकांकडून १३,६८,५७४ एकर घेतले, अशी नोंद इतिहासकार देतात. सेगीन स्वतःही जमिनीच्या व्यवहारात होता, हे सांगायचं टाळू नये.

जून १८३६ मध्ये त्याने बेहार मेक्सिकन तुकडीकडून ताब्यात घेतलं आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून गावाचा लष्करी प्रमुख झाला. त्याच हिवाळ्यात जनरल फीलिक्स ह्यूस्टनने (राष्ट्राध्यक्ष ह्यूस्टन वेगळा) गाव रिकामं करून लोकांना पूर्वेला हलवण्याचा हुकूम दिला. मेक्सिको परत आला तर त्याला तयार गाव मिळू नये, हा लष्करी विचार. सेगीनने हुकूम न पाळता थेट राष्ट्राध्यक्षाकडे दाद मागितली आणि हुकूम रद्द झाला. गाव वाचलं. पण सैन्यातल्या काहींच्या डोक्यात बसलं की हा माणूस आधी बेहारचा आणि मग टेक्ससचा. मला तरी वाटतं, या वर्णनात काही चूक नव्हती. अल्काल्देच्या घरात वाढलेल्या माणसाचं राष्ट्र आधी गावाच्या वेशीशीच सुरू होतं.

२५ फेब्रुवारी १८३७ ला त्याने अलामोच्या राखेला लष्करी मानाने निरोप दिला. राखेचे तीन ढीग होते. दोन लहान ढिगांतली थोडी राख काळ्या कापडाने मढवलेल्या शवपेटीत भरली, झाकणाच्या आतल्या बाजूला ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट यांची नावं घातली, पेटी सान फेर्नांदो चर्चमधून मिरवत नेली आणि मोठ्या ढिगापाशी बंदुकांच्या तीन फैरी झाडल्या.

त्यानंतर तो सिनेटर झाला, १८३७ ते १८४०. सिनेटमधला एकटा तेहानो. इंग्रजी जेमतेम, दुभाषा घेऊन काम चाले. १८४० मध्ये त्याने सभागृहात विचारलं की कायद्यांच्या भाषांतरासाठी आणि छपाईसाठी १५,००० डॉलरचा अंदाज कशाच्या आधारावर धरला आहे, कारण त्याच्या मतदारांना त्यांच्या भाषेत कायदे मिळालेलेच नव्हते. जी बंधनं त्यांच्यावर लादली आहेत ती वाचताही येत नाहीत, हा त्याचा मुद्दा होता. ज्याला निष्ठेचा पुरावा मागायचा, त्याला निष्ठेची व्याख्या वाचता यावी, एवढीच मागणी. खर्चाच्या बाजूने शिरून हक्काचा प्रश्न मांडण्याची ही पद्धत मुरलेल्या नगरसेवकाची आहे.

कर्ज, व्यापार, पत्र

आता प्रकरणाचा गाभा. टेक्सस प्रजासत्ताकाकडे रोकड कधीच नव्हती. पुरवठ्याच्या बदल्यात कागद मिळत, आणि १८३९ पासून छापलेल्या नोटांची किंमत १८४२ पर्यंत डॉलरमागे काही सेंटांवर आली होती. लढ्यात घोडी, मका, बैल देणारी सेगीनसारखी कुटुंबं कागदावर श्रीमंत आणि हातात रिकामी होती.

१८४० मध्ये सेगीनने सिनेट सोडली आणि मेक्सिकन संघराज्यवादी अँतोनियो कानालेसच्या मोहिमेसाठी स्वयंसेवक जमवले. मेक्सिकोतल्या केंद्रवाद्यांना सीमेपलीकडेच गुंतवायचं, ही कल्पना राष्ट्राध्यक्ष लामारलाही गैर वाटत नव्हती, पण अधिकृत पैसा त्याने दिला नाही. सेगीनने आपली मालमत्ता गहाण टाकून खर्च केला. नोव्हेंबरात कानालेसने केंद्रवाद्यांशी समेट केला. पैसे बुडाले. परतफेडीचा दावा कोणाकडे करायचा, हेही कळेना.

१८४१ च्या सुरुवातीला तो सान अँटोनियोचा नगराध्यक्ष झाला, तो डोक्यावर कर्ज घेऊन. ते फेडायचा त्याच्या हातातला मार्ग एकच, सीमेपलीकडचा व्यापार. आणि त्यासाठी रिओ ग्रांदेच्या काठावर बसलेल्या मेक्सिकन अधिकाऱ्यांची मर्जी राखावी लागे, पत्रव्यवहार करावा लागे. ज्याच्याशी पत्रव्यवहार होता, तो जनरल राफाएल वास्केस.

त्यातच नगराध्यक्षाचं रोजचं काम. अमेरिकेतून आलेले उनाड तरुण गावात भरले होते. रात्री-अपरात्री तेहानो कुटुंबं संरक्षण मागायला दारात येत, असं त्याने नंतर लिहिलं. गुडमन नावाच्या माणसाने नगरपालिकेच्या मालकीच्या जागेत ठाण मांडलं होतं. नगराध्यक्षाने त्याला जागा सोडायला लावली. कायद्याने काम बरोबर होतं, पण त्यातून एक कायमचा वैरी तयार झाला आणि पुढे जमावाच्या अग्रभागी तो होता. १८४१ मध्ये मेक्सिकोच्या ताब्यातल्या सांता फेवर टेक्ससने काढलेली मोहीम फसली आणि नाव्हारोसह अनेक जण कैद झाले. मोहिमेची खबर सेगीनने मेक्सिकोला दिली, ही कुजबूज याच गोटातून उठली.

१८४२ च्या सुरुवातीला वास्केसच्या स्वारीची कुणकुण सेगीनला लागली, ती याच ओळखीतून. त्याने ती इतरांना कळवली. मदतीला सरकारकडे पैसा नव्हता. ५ मार्चला वास्केस सुमारे ७०० माणसं घेऊन आला, गाव लढाईशिवाय ताब्यात घेतलं आणि दोन दिवसांनी निघून गेला. जाताना त्याच्या अधिकाऱ्यांनी जिकडे-तिकडे सांगितलं की सेगीन आमचाच आहे. ही अफवा पसरवायला वास्केसला दमडीही लागली नाही, आणि तिने जे साधलं ते त्याच्या ७०० माणसांना साधलं नसतं. शत्रूच्या गावात सर्वांत उपयोगी असलेला मध्यस्थ शत्रूनेच त्याच्या लोकांच्या नजरेतून उतरवला.

सेगीन वास्केसच्या पाठलागावर गेलेला होता. परतल्यावर कुजबूज ऐकली, तेव्हा त्याने टेक्ससच्या जनरल बर्लसनकडे रीतसर चौकशीची मागणी केली. बर्लसनचं उत्तर, चौकशीला आधारच नाही.

ऐकायला हे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र वाटतं. व्यवहारात ते सगळ्यात वाईट उत्तर होतं. आरोप नाही म्हणून खटला नाही, खटला नाही म्हणून निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणून अफवेला उत्तरही नाही. वीस वर्षं इतरांचे तंटे वहीत नोंदवून मिटवलेल्या घराण्यातल्या माणसाच्या स्वतःच्या प्रकरणाची कुठेच नोंद झाली नाही. स्वयंसेवकांच्या टोळ्या त्याला शोधत हिंडू लागल्या आणि तो एका रँचवरून दुसऱ्या रँचवर लपत राहिला. मग राजीनामा.

त्याला दुसरा मार्ग होता का? पूर्वेला ह्यूस्टनच्या आश्रयाला जाता आलं असतं. राष्ट्राध्यक्षाचा विश्वास अजून शाबूत होता, एरास्मोला लिहिलेल्या पत्रात त्याने तो व्यक्तही केला. पण तिकडे इंग्रजी, ना जमीन, ना नातेवाईक, आणि वाटेत तेच स्वयंसेवक. मेक्सिकोत निदान सोयरे होते. चूक ती दिशा निवडण्यात नव्हती. चूक आधीची होती: नगराध्यक्षपद आणि सीमेपारचा व्यापार एकाच वेळी चालवणं. शांततेत ते सगळेच करत. स्वारीच्या वर्षात व्यापाऱ्याचं पत्र आणि हेराचं पत्र यांत फरक करायला कोणी बसत नाही.

नदीपलीकडे

मेक्सिकोत पोचल्यावर त्याला अटक झाली. सांता आनाला तो राजधानीत कैदी म्हणून हवा होता. सीमेवरचा सेनापती मारियानो अरिस्ता याने रदबदली केली, तेव्हा हुकूम बदलला: माणसं घेऊन टेक्ससवर जा आणि रक्त सांडून आपली निष्ठा सिद्ध कर. पुन्हा तोच कागद, फक्त सही करणारं सरकार दुसरं. ११ सप्टेंबरला मेक्सिकन जनरल आद्रियान वोलच्या फौजेने सान अँटोनियो घेतलं, तेव्हा जिल्हा न्यायालय भरलेलं होतं आणि न्यायाधीशासकट वकील पकडले गेले. सेगीन बेहारमधून आलेल्या निर्वासितांच्या तुकडीचा प्रमुख होता. १८ तारखेला सालादो ओढ्यापाशी लढाई झाली, वोल मागे फिरला आणि त्याच्याबरोबर गावातली बरीच तेहानो कुटुंबंही गेली. मार्चमधली अफवा आता खरी ठरली, असं विरोधकांना म्हणता आलं. प्रत्यक्षात तिने जे घडवलं तेच तिचा पुरावा म्हणून दाखवलं जात होतं.

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपल्यावर १८४८ मध्ये त्याने परतण्यासाठी ह्यूस्टनकडे शब्द टाकला आणि तो बेहार परगण्यात परत आला. १८५२ आणि १८५४ मध्ये लोकांनी त्याला जस्टिस ऑफ द पीस म्हणून निवडून दिलं, १८६९ मध्ये तो विल्सन परगण्याचा काउंटी जज्ज झाला. गद्दार ठरलेल्या माणसाला शेजारी तीनदा न्यायाच्या खुर्चीत बसवत नाहीत, त्यामुळे गावातल्या सामान्यांचं मत काय होतं हे यावरून ओळखता येतं. राजकीय विरोधकांना उत्तर म्हणून १८५८ मध्ये त्याने छोटं आत्मकथन छापलं. आपल्याच जन्मभूमीत मी परका झालो, हे त्यातलं त्याचं वाक्य नेहमी उद्धृत होतं. ते वाचताना एक पथ्य पाळावं. कानालेस आणि वास्केस यांच्याबद्दल तो जे सांगतो ते आरोपीचं निवेदन आहे, आणि समोरच्या बाजूने तितकं सविस्तर निवेदन कोणी केलेलं नाही.

१८९० मध्ये तो नुएव्हो लारेदोत, नदीच्या मेक्सिकन काठावर वारला. १९७६ च्या ४ जुलैला त्याच्या अस्थी टेक्ससमध्ये पुरल्या, त्या सेगीन नावाच्या गावात. हे नाव त्या गावाने १८३९ मध्येच, तो सिनेटर असताना घेतलं होतं आणि १८४२ नंतरही ते कोणी बदललं नाही. सान अँटोनियोला पुढचा मेक्सिकन वंशाचा नगराध्यक्ष मिळाला १९८१ मध्ये, हेन्री सिस्नेरोस.